सोनं नंतर, लाकूड आधी

कुवेतमध्ये ज्यांनी काही वर्षं काढली त्यांना सुलैबिया माहीत असतं ते भाजीपाल्याच्या घाऊक बाजारामुळे. तिथून कांदे-टोमॅटोचे ट्रक सगळ्या शहरात जातात. त्याच सुलैबियात औद्योगिक वसाहतही आहे. गोदामं, गॅरेजं आणि त्यांच्या अधेमधे सुतार, गादीवाले, पॉलिशवाले यांचे गाळे. अशाच एका गाळ्यात जुन्या फर्निचरची दुरुस्ती हे माझं पोटापाण्याचं काम. मी मूळचा सावंतवाडीचा. लाकडाची ओळख घरातूनच होती. पण सोन्याचा वर्ख चढवलेल्या कोरीव फ्रेंच आरामखुर्च्यांशी गाठ पडली ती इथे.

आखातातल्या सधन घरांत या खुर्च्यांना फार मान. दिवाणखान्यात त्या, दिवानियात (पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत) त्या, लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीसाठीही त्याच. त्यातल्या बहुतेक इजिप्तमध्ये घडलेल्या असतात. काही 19 व्या शतकात फ्रान्समध्येच जुन्या धाटणीवर केलेल्या असतात, आणि फार क्वचित एखादी 18 व्या शतकातली अस्सल निघते. तिन्ही प्रकारचं काम एकाच गाळ्यात शेजारी शेजारी येत असल्यामुळे तुलना करायला मिळते, आणि माझं सगळं शिक्षण त्या तुलनेतून झालं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. कारागिराची शैली सोन्यात नसते. ती लाकडाच्या मापात, रेषेत आणि पटाशीच्या फटक्यात असते. ती रेषा पुढच्या माणसाला वाचता येईल अशी राखणं, एवढंच दुरुस्ती करणाऱ्याचं काम. या कामाने शिकवलेलं पुढे क्रमाने मांडतो.

1. खुर्ची आधी उलटी करावी

मालक खुर्ची घेऊन येतो तेव्हा तो सोन्याकडे बोट दाखवतो: इथे उडालंय, इथे काळं पडलंय. मी जमिनीवर जाड गोधडी अंथरतो आणि खुर्ची तिच्यावर उपडी करतो. बैठकीखालचं काळं कापड सोडवलं की चौकटीच्या आतल्या बाजू उघड्या पडतात. तिथे कोणी सोनं लावत नाही, रंगही देत नाही, त्यामुळे तिथे खोटं बोलायला वाव कमी.

पहिल्यांदा करवतीच्या खुणा पाहायच्या. हातकरवतीच्या रेघा सरळ असतात, पण एकसारख्या नसतात. मध्येच एखादी तिरकी जाते. यंत्राच्या गोल पात्याने चिरलेल्या फळीवर कमानीसारख्या वळणदार रेघा उमटतात. अशा रेघा मूळ चौकटीवर दिसल्या तर खुर्ची 19 व्या शतकातली किंवा त्यानंतरची आहे, मग मालकाने काहीही सांगितलेलं असो. त्यानंतर सांधे. कुसू खाचेत बसवून आरपार लाकडी मेख मारलेली असते. हाताने तासलेली मेख कधी पूर्ण गोल नसते, तिला पैलू असतात. शिवाय लाकूड वर्षानुवर्षं आडव्या अंगाने आकसतं आणि मेखेची लांबी मात्र तेवढीच राहते, म्हणून मेखेचं डोकं पृष्ठभागाच्या किंचित वर आलेलं असतं. डोळ्यांना दिसलं नाही तरी अंगठा फिरवला की लागतं. शेवटी खिळ्यांची भोकं. दर वेळी नवं कापड चढवताना खिळ्यांची नवी ओळ पडते. दोन-अडीचशे वर्षांच्या चौकटीची कड या भोकांनी चाळण झालेली असते. जिथे भोकांची एकच स्वच्छ ओळ आहे, तिथे कापड एकदाच चढलं आहे.

या तीन गोष्टी पाहायला पाव तासही लागत नाही. सोन्याकडे वळण्याआधी तेवढा वेळ दिला की पुढची सगळी कामं कोणत्या हिशेबाने करायची ते ठरतं.

2. एका खुर्चीमागे चार धंदे असतात

18 व्या शतकातल्या पॅरिसमध्ये कोणी काय करायचं हे कारागीर-संघांच्या नियमांनी बांधलेलं होतं. चौकट करणारा सुतार वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा, वर्ख चढवणारा वेगळा, गादी-कापड करणारा वेगळा. घन लाकडाचं काम करणारे आणि पातळ लाकडी पत्र्यांचं जडावकाम करणारे यांच्यातही फरक होता. खुर्च्या पहिल्या गटाकडे, नक्षीदार कपाटं-टेबलं दुसऱ्या गटाकडे. गिऱ्हाईक बरेचदा गादीवाल्याकडे जाई, कारण रेशमी कापडाची किंमत लाकडाच्या चौकटीपेक्षा कितीतरी जास्त असे. इतिहासात नाव उरलं ते मात्र बहुधा सुताराचं, कारण ठसा त्याचा असे. कोरक्याचं नाव क्वचितच कळतं.

आमच्या गाळ्यातही कामाची वाटणी अशीच आहे. कोरीवकाम इजिप्तच्या उस्ताकडे (उस्ताद कारागिराकडे), गादीकाम पाकिस्तानी कारागिराकडे, सांधे आणि वर्ख माझ्याकडे. त्यामुळे खुर्ची आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: बिघडलंय ते कोणाचं काम? डुगडुगणारी खुर्ची सुताराच्या हद्दीतली. तिला वरून लेप-वर्ख करून परत पाठवली तर सांधा हलत राहतो आणि नव्या लेपाला पुन्हा तडा जातो. आधी सांधा, मग कोरीव तुटफूट, मग लेप आणि वर्ख, सगळ्यात शेवटी गादी. हा क्रम मोडून कधीच फायदा होत नाही.

3. राजाचं नाव पाठ करण्यापेक्षा पायाचं वळण पाहावं

पंधराव्या लुईने 1715 ते 1774 राज्य केलं, सोळाव्या लुईने 1774 ते 1792. खुर्च्यांच्या दोन मोठ्या धाटण्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पहिलीत सरळ रेषा शोधून सापडत नाही. पाय नागमोडी, बैठकीची पुढची पट्टी वळणदार, पाठीच्या माथ्यावर शिंपला नाहीतर फुलांचा गुच्छ. हातांचे आधार पुढच्या पायांच्या रेषेतून मागे सरकवलेले असतात, कारण त्या काळच्या स्त्रियांच्या घागऱ्यांचा घेर फार रुंद होता. दुसऱ्या धाटणीत सगळं सरळ आणि मोजून मापून: खालच्या बाजूला निमुळते होत जाणारे गोल पाय, त्यांवर उभ्या पन्हळी, पाय आणि बैठक जिथे मिळतात तिथे चौकोनी ठोकळा आणि त्यात कोरलेलं गोल फूल, पाठ लंबगोल किंवा चौकोनी.

एवढं कोणतंही पुस्तक सांगतं. धाटणी काळाची असते. कारागिराची शैली त्याच्या आत शोधावी लागते. ती दिसते ती प्रमाणात. चांगल्या कारागिराच्या नागमोडी पायात वरून निघालेली रेषा कुठेही न अडखळता टाचेपर्यंत जाते आणि वरच्या अंगाला तीच रेषा बैठकीच्या पट्टीत मिसळते. पट्टी कुठे संपली आणि पाय कुठे सुरू झाला हे बोटाला सांगता येत नाही. नकलेत पाय वेगळा केलेला आणि पट्टी वेगळी केलेली कळते. दोन्ही सुबक असतात, पण त्यांची गाठ पडलेली नसते.

4. एका कारागिराचा नीट अभ्यास केला की बाकीचे आपोआप दिसू लागतात

मी झॉर्झ जाकोबला धरलं. जन्म 1739, बर्गंडीतल्या शेनी गावचा. पॅरिसला येऊन 1765 मध्ये तो उस्ताद म्हणून संघात दाखल झाला. लुई दलानुआ हा त्याच्या आधीचा नामांकित खुर्चीकार. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्या लूव्हसिएनच्या महालासाठी काम केलेला. त्याच्या हाताखाली जाकोब तयार झाला असं मानतात. पुढे राणी मारी आंत्वानेत आणि राजाचे भाऊ हेही जाकोबचे गिऱ्हाईक झाले. 1787 मध्ये रांबुये इथल्या राणीच्या दुग्धशाळेसाठी त्याने चित्रकार उबेर रोबेरच्या आराखड्यावरून प्राचीन धाटणीच्या खुर्च्या केल्या. चित्रकार झाक-लुई दाविदच्या चित्रशाळेसाठीही त्याने फर्निचर केलं, आणि 1789 च्या ब्रूटसच्या चित्रात दाविदने ते रंगवलं.

फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा राजघराण्याची कामं करणारा हा माणूस संकटात येणारच होता. दाविदच्या ओळखीमुळे तो तगला, आणि 1793 मध्ये क्रांतिकारकांच्या सभागृहाचं फर्निचर त्याच्याच कारखान्यातून गेलं. 1796 मध्ये त्याने कारभार मुलांच्या हाती दिला. 1803 पासून धाकटा मुलगा जाकोब-देमाल्तेर या नावाने नेपोलियनच्या महालांना फर्निचर पुरवू लागला. म्हातारा जाकोब 1814 मध्ये वारला.

या एका माणसाच्या कामात नागमोडी पाय, पन्हळीचे पाय, तलवारीसारखे मागे वळलेले पाय, सोनेरी बीच आणि उघडं ठेवलेलं महोगनी हे सगळं आहे. खुर्चीसाठी महोगनी वापरणाऱ्या पॅरिसच्या पहिल्या कारागिरांत त्याची गणना होते. तरी हात ओळखू येतो. मण्यांची ओळ, गुंफलेली पट्टी, पानांची झालर हे दागिने तो भरपूर घालतो, पण चौकटीची कड त्यांच्याखाली कधी हरवत नाही. दूरवरून पाहिलं तरी आधी खुर्चीचा आकार दिसतो, मग नक्षी. हे एकदा डोळ्यात बसलं की दुसऱ्या खुर्चीत काय कमी आहे ते चटकन कळतं. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी अशा खुर्च्यांचे चांगले फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. फोन हातात असलेल्या कोणालाही हा अभ्यास आज फुकट करता येतो.

5. ठसा शेवटी पाहावा

पॅरिसमध्ये 1751 पासून संघातल्या उस्तादांना आपल्या नावाचा ठसा लाकडावर मारणं बंधनकारक झालं. संघाच्या तपासनिसांची वेगळी खूणही असे. 1791 मध्ये क्रांतीने हे संघच बरखास्त केले. खुर्चीवर ठसा बहुधा बैठकीच्या पट्टीच्या खालच्या किंवा आतल्या अंगाला असतो. पण ठसा नाही म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही. राजाश्रयाखाली किंवा संघाच्या हद्दीबाहेरच्या वस्तीत काम करणाऱ्यांना तो नियम लागू नव्हता. उलट ठसा आहे म्हणून खुर्ची खरी, असंही नाही. काही वेळा तो दुरुस्ती करणाऱ्याचा असतो, आणि लोखंडी ठसा नव्याने पाडून मारणं तर कधीच अवघड नव्हतं.

याचा सगळ्यात मोठा धडा खुद्द व्हर्सायने घेतला. बिल पालो हे 18 व्या शतकातल्या फ्रेंच खुर्च्यांवरचे जगातले अग्रगण्य जाणकार. त्या विषयावरचा त्यांचा ग्रंथ 1987 पासून प्रमाण मानला जाई. ब्रूनो देनू हे नावाजलेले कोरीवकाम करणारे. या दोघांनी मिळून खोट्या राजेशाही खुर्च्या घडवल्या, जुनी दिसणारी झिलई दिली, ठसेही मारले. काही व्हर्सायच्या राजवाड्याने विकत घेतल्या. मारी आंत्वानेतच्या म्हणून खपवलेल्या एका जोडीला 2013 मध्ये फ्रान्सने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आणि पुढे ती कतारच्या एका राजपुत्राने सुमारे 20 लाख युरोंना घेतली. 2016 मध्ये प्रकरण फुटलं. जून 2025 मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी ठरवलं.

आमच्या धंद्यात या प्रकरणाची चर्चा फार झाली. आखातातला पैसा अशा खुर्च्यांच्या मागे आहे हे त्यात उघड दिसलं. मी त्यातून घेतलं ते इतकंच: ठसा, कागद आणि विकणाऱ्याची ख्याती या तिन्ही गोष्टी लाकडाच्या बाहेरच्या आहेत. आधी करवत, मेख, भोकं आणि रेषा पाहाव्यात. त्यांनी होकार दिला, मगच ठशाची अक्षरं वाचावीत.

6. वर्खाचं सगळं सौंदर्य खालच्या थरांत असतं

सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्याच्या अंगात स्वतःची जाडी नाही, त्यामुळे खाली जे असेल तेच वर दिसतं. म्हणून तयारी मोठी. लाकडाला आधी सरसाचा हात. मग सरसात कालवलेल्या मऊ खडूचे थर, एक वाळला की दुसरा, आठ-दहा-बारा. इतक्या लेपाने कोरलेली पानं भरून जातात, सगळं बोथट होतं. मग खरं कसब सुरू होतं. वाळलेल्या लेपात बारीक लोखंडी आकड्यांनी पानाच्या शिरा, पाकळ्यांच्या कडा पुन्हा कोरून काढायच्या. जुन्या फ्रेंच खुर्चीवर आपल्याला जी लुसलुशीत नक्षी दिसते ती पुष्कळदा लाकडात नसून या लेपात कोरलेली असते.

त्यावर पिवळी आणि मग तांबडी चिकणमाती सरसात कालवून लावायची. वर्ख ठेवण्याआधी ती पाण्याने ओली केली की वर्ख ओढल्यासारखा चिकटतो. पुरतं वाळायच्या आत, नेमक्या वेळेला, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने उंचवट्यांना घोटायचं. घोटलेला भाग आरशासारखा होतो. खोलगट भाग घोटायचे नाहीत, त्यांना पातळ सरस देऊन मंद ठेवायचं. मणी आणि कडा चमकतात, पार्श्वभूमी शांत राहते, आणि खुर्ची एकाच वेळी दोन प्रकारच्या सोन्याने बोलते. झां-फेलिक्स वातँ या पॅरिसच्या माणसाने रंगारी-वर्खकारांसाठीचं पुस्तक 1772 मध्ये छापलं, त्यात ही कृती पायरी-पायरीने दिलेली आहे. आजही कामाचा क्रम तोच आहे.

झिजलेल्या हातावर तांबडी माती डोकावते तेव्हा मालक घाबरतात. मी त्यांना सांगतो, ती खूण चांगली. खाली नीट घोटलेली माती आहे म्हणजे वरचं सोनं पद्धतशीर चढवलेलं आहे.

7. सोनेरी रंग आणि ओलं फडकं ही दोन संकटं घरातूनच येतात

बाजारात डबीत मिळणारा सोनेरी रंग म्हणजे तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूची पूड. लावला त्या दिवशी तो झगझगतो. पुढे हवेने काळवंडतो, तपकिरी-हिरवट होतो, आणि मग त्यावर दुसरा हात मारला जातो. असे थर चढत गेले की कोरलेल्या पानाच्या शिरा पार बुजतात. त्याखाली खरा वर्ख शाबूत असू शकतो. पण तो सोडवणं म्हणजे कापसाच्या बोळ्याने, योग्य द्रावण निवडून, नखाएवढी जागा एका वेळी साफ करत जाणं. आधी आडोशाच्या जागी चाचणी घेतल्याशिवाय ते कोणी करू नये.

दुसरं संकट ओलं फडकं. पाण्याने बसवलेला वर्ख पाण्यानेच सुटतो, कारण खालचा सरस पाण्यात विरघळतो. घरकामाची बाई मनापासून रोज खुर्चीचे हात पुसते आणि वर्षभरात हातांवरचं सोनं नाहीसं होतं. तिला कोणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येक मालकाला मी एक मऊ, कोरडा, रुंद ब्रश देतो आणि त्या बाईशी स्वतः बोलतो. सगळ्यात जास्त सोनं त्या बोलण्यानेच वाचतं, असा माझा अनुभव आहे.

8. हवा ओळखल्याशिवाय लाकूड ओळखता येत नाही

2016 च्या जुलैत कुवेतमधल्या मित्रिबा इथे 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वायव्येकडून कोरडा, धुळीचा वारा सुटतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्राकडची दमट हवा येते. घरात रात्रंदिवस एसी. बीचचं लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. खडू-सरसाचा लेप मात्र ताठ असतो, तो लाकडाबरोबर हलत नाही. मग लेपाला लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरा पडतात आणि वर्खासकट खपल्या उभ्या राहतात. युरोपच्या हवेत टिकलेली खुर्ची इथे थोड्याच उन्हाळ्यांत सोलायला लागते, ती यामुळे.

उपाय साधे आहेत. खुर्ची एसीच्या झोताखाली ठेवू नये, खिडकीच्या उन्हात ठेवू नये. कुटुंब उन्हाळ्यात परदेशी जातं तेव्हा एसी पूर्ण बंद करून महिनाभर घर तापू देऊ नये. मंद चालू ठेवावा. खपली उभी दिसली की ती काढू नये आणि ब्रशही फिरवू नये. तशीच राखून कारागिराला बोलवावं. पातळ सरस सुईने आत सोडून, हलक्या दाबाने ती खपली परत बसवता येते. गळून पडलेली खपली केरात गेली की मूळ कारागिराच्या हातचं काम कायमचं गेलं.

एका कुवेती आजोबांनी मला बैठकीची पट्टी वाजवून दाखवली होती. त्यांच्या घरची माणसं मलबारच्या सागवानाच्या गलबतांवर वाढलेली. "हे साग नाही, याला पाण्याची भीती आहे," ते म्हणाले. बीचबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

9. खुर्ची कुठे बसायची हे ती घडताना ठरलेलं असतं

फ्रेंच आरामखुर्चीचे त्या काळी दोन प्रकार होते. एक सपाट पाठीची, भिंतीला लावून ठेवायची; भिंतीच्या लाकडी तक्त्यांवरची नक्षी आणि खुर्चीची नक्षी एकमेकींना जुळवून काढलेली असे. दुसरी बाकदार पाठीची, हलकी, खोलीत कुठेही उचलून न्यायची. पहिलीची मागची बाजू कोणी पाहणार नसे, म्हणून तिथलं काम अनेकदा साधं ठेवलेलं असतं. मागे सोनं नाही म्हणून खुर्ची अर्धवट आहे असं समजून तिथे वर्ख चढवा म्हणणारे मालक भेटतात. त्यांना मी हा फरक समजावून सांगतो आणि पाठ आहे तशी ठेवतो.

कुवेतच्या दिवानियात बैठका भिंतीला लागून, चहूबाजूंनी असतात. मध्ये मोकळी जागा, येणारा प्रत्येक जण सगळ्यांना दिसतो. सपाट पाठीची खुर्ची तिथे शोभते ती निव्वळ श्रीमंतीमुळे नाही. तिची जातच भिंतीची आहे. बाकदार पाठीची खुर्ची त्याच रांगेत ठेवली तर मागे पोकळी राहते आणि टेकणाऱ्याच्या वजनाने माथ्याची नक्षी भिंतीला घासून झिजते. आता सल्ला मागणाऱ्याला मी आधी खोली दाखवायला सांगतो.

10. नकलेलाही तिचा मान द्यावा

नाईलच्या पूर्वेकडच्या फाट्यावर, समुद्राजवळ दमिएत्ता नावाचं शहर आहे. तिथे घराघरांत फर्निचर घडतं आणि अरब जगात सगळीकडे जातं. युरोपातून येणारं बीच, त्यावर फ्रेंच धाटणीची नक्षी, त्यावर सोनेरी झिलई. इजिप्तचा राजा फारूक, जो 1936 ते 1952 गादीवर होता, त्याच्या काळच्या थाटावरून लोक या धाटणीला 'लुई फारूक' म्हणतात. जाणकारांच्या तोंडी ते नाव हिणवायला येतं. मला ते पटत नाही.

नक्कल करणारे दमिएत्ताचेच पहिले नव्हेत. खुद्द फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनची सम्राज्ञी युजेनी हिला मारी आंत्वानेतच्या काळाचं वेड होतं, आणि 19 व्या शतकात पॅरिसच्या कारखान्यांनी त्या धाटणीच्या खुर्च्या उघडपणे घडवल्या. आमच्या गाळ्यातला उस्ता दमिएत्ताचा. त्याच्या वडिलांनी त्याला पान कोरायला शिकवलं ते देठापासून: "टोकापासून सुरुवात केलीस तर पान मरतं." तो पटाशी देठाशी टेकवतो, मनगट वळवतो, आणि एका फटक्यात पानाची शीर टोकापर्यंत नेतो. तो फटका आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसचा फटका यांत मला परंपरेचं अंतर दिसत नाही. अंतर असतं ते वेळेचं आणि मजुरीचं. तिथे एका पानाला जेवढा वेळ मिळे तेवढा आज कोणी मोजून देत नाही. नकलेला अस्सल म्हणून विकणं हा गुन्हा आहे. नकलेला नक्कल म्हणून नीट घडवणं हे इमानाचं काम आहे.

11. कमीत कमी करावं, आणि केलेलं लिहून ठेवावं

बीचला कीड लवकर लागते. पाय आतून पोखरलेला असला की नवा पाय करून बसवण्याचा मोह होतो. मी पोखरलेला भाग भक्कम करता येतो का ते आधी पाहतो, तेवढाच तुकडा बदलतो, आणि जोड सरसानेच करतो, म्हणजे उद्या कोणाला उकलावासा वाटला तर ऊब आणि ओलाव्याने तो सुटेल. बाजारात मिळणारे पक्के गोंद इथे वापरायचे नाहीत. संच असेल तर बैठकीच्या आत रोमन आकड्यांच्या खाचा असतात. सुटी निघणारी गादीची चौकट कुठल्या खुर्चीची हे त्यावरून कळतं. ते आकडे तासून टाकले की संच कायमचा विस्कटतो. क्रांतीनंतर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव ऑगस्ट 1793 ते ऑगस्ट 1794 असा वर्षभर चालला आणि 17 हजारांहून जास्त लॉट विकले गेले. तेव्हा पांगलेल्या खुर्च्या पुन्हा एकत्र जुळवता आल्या त्या अशाच खुणांच्या आणि जुन्या हिशेबवह्यांच्या आधारे. म्हणून आपण केलेलंही लिहून ठेवावं.

12. हे शहाणपण आपल्या घरीही लागू पडतं

मराठी घराण्यांचा या थाटाशी संबंध जुना आहे. ग्वाल्हेरचा शिंद्यांचा जयविलास महाल 1874 मध्ये उभा राहिला, बडोद्याचा गायकवाडांचा लक्ष्मीविलास 1890 मध्ये; दोन्हीकडे युरोपीय दरबारी सजावट डोळ्यांत भरते. गोव्यात चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या वाड्यात कोरीव खुर्च्यांच्या ओळी आहेत. आणि मुंबईत 19 व्या शतकात मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, काळ्या शिसवीचं कोरीव फर्निचर मिळे. त्याचे नागमोडी पाय आणि फुलांचे गुच्छ थेट पंधराव्या लुईच्या धाटणीतले, मधली पानं आणि वेली मात्र इथल्या हातांच्या. वर्ख नाही, पॉलिश केलेलं उघडं लाकूड. कोकणातल्या, पुण्यातल्या, मुंबईतल्या कितीतरी घरांत अशी एखादी खुर्ची माळ्यावर पडलेली असते, आणि "जुनाट" म्हणून भंगारात जाते किंवा तिच्यावर ऑइलपेंट चढतो.

त्या मुंबईच्या कोरक्यांना ठसा मारायला लावणारा कायदा नव्हता. त्यांची नावं त्यांच्या कामावर नाहीत, म्हणून शैलीला नाव शहराचं पडलं. मागच्यांचं आता काही करता येणार नाही. आपल्यापासून पुढचं करता येईल. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक खुर्चीच्या पट्टीवर, आतल्या अंगाला, पेन्सिलीने लिहितो: कोणता तुकडा बदलला, कोणतं लाकूड, वर्ख कुठे नवा, साल कोणतं, सुलैबिया, आणि आम्हा तिघांची नावं, उस्ताचं पहिलं. तुमच्या घरच्या खुर्चीचं काम कराल तेव्हा सुताराकडून, गादीवाल्याकडून, पॉलिशवाल्याकडून हे लिहून घ्या. ते संकोचतील, "कशाला साहेब" म्हणतील. तरी लिहून घ्या.